लोखंड जाळून वाफ, राखेतून परत लोखंड: धातूच्या इंधनाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

मी नाशकात बॉयलर आणि स्टीम लाइनची एनर्जी ऑडिट करते. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, दिंडोरी असा सगळा पट्टा फिरणं होतं. मागे एका मीटिंगमधे बॉयलरमधे इंधन म्हणून लोखंडाची पावडर जाळायचा विषय काढला आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून सगळे एका जागी उत्तरांसकट लिहिलेत. जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ताई, लोखंड गंजतं हे माहितीय, पण जळतं कसं काय?

फुलबाजी आठवा. त्या पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या म्हणजे बहुतेक लोखंडाचा कीसच असतो जळणारा, आणि ग्राइंडरच्या ठिणग्याही तेच. गंजणं आणि जळणं ही मुळात एकच गोष्ट आहे, लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं, फक्त गंजायला वर्षं लागतात आणि जळायला सेकंदाचा छोटासा भाग. खिळा पेटत नाही कारण त्याच्या वजनाच्या मानाने हवेला लागणारा पृष्ठभाग फारच कमी असतो, पण तेच लोखंड २० ते १०० मायक्रॉनची पावडर करून, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासचे कण, हवेच्या झोतात सोडलं आणि एकदा पेटवलं की स्थिर ज्योत धरते, तेलाच्या बर्नरसारखीच.

२. यात ऊर्जा 'साठवली' कुठे? हे तर नुसतं जळण झालं.

जळून उरतं ते लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे गंजाचीच कोरडी पूड. ती उडून जात नाही, गोळा करता येते, आणि मग सोलर किंवा पवनचक्कीच्या वीजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो हायड्रोजन ५०० ते ९०० डिग्रीच्या भट्टीत या पुडीवरून फिरवायचा, हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि परत लोखंड हातात येतं, बाहेर पडते ती पाण्याची वाफ. म्हणजे दुपारचं ऊन लोखंडात भरून ठेवलं आणि हवं तेव्हा, चार महिन्यांनीसुद्धा, जाळून काढलं. लोखंड इथे डबा आहे, खाऊ ऊनच.

३. धूर अजिबात नाही? शून्य म्हणजे खरंच शून्य?

शुद्ध लोखंडात कार्बनच नाही त्यामुळे कार्बन डायऑक्साइड नाही, काजळी नाही, सल्फरही नाही. पण दोन गोष्टी लपवायच्या नाहीत. ज्योत दोन हजार डिग्रीच्या जवळ जाऊ शकते, तेवढ्या तापमानात हवेतला नायट्रोजनच जळून नायट्रोजन ऑक्साइड होतात, ते बर्नरच्या डिझाइनने कमी ठेवावे लागतात. आणि ऑक्साइडचे कण सायक्लोनने (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं नळकांडं) आणि बॅग फिल्टरने (कापडी पिशव्यांची गाळणी) पकडावेच लागतात, एक तर ते फुप्फुसात जायला नकोत आणि दुसरं म्हणजे तीच उद्याची पावडर आहे, चिमणीतून गेली की इंधन गेलं. स्टील किंवा बिडाचा चुरा जाळला तर कार्बन येतो, त्यासाठी प्रश्न १३ बघा.

४. ताकद किती? एक टन वाफेला किती पावडर लागेल?

एक किलो लोखंड पूर्ण जळलं की साधारण ७.४ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे जवळजवळ २ युनिट. डिझेल किलोला ४३ मेगाज्यूल देतं, म्हणजे वजनाच्या हिशोबात लोखंड बरंच मागे. पण लोखंड जड आहे ना, जागा कमी घेतं, आणि इथे खरी गंमत आहे.

थंड पाण्यापासून १० किलो प्रेशरची एक टन वाफ करायची, बॉयलर ८५ टक्के एफिशियन्सीचा धरला, तर लागते साधारण ४२० किलो पावडर. पावडरीची भर लिटरला तीन ते चार किलो, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास जागा, आपला नेहमीचा २०० लिटरचा ड्रम अर्ध्याहून थोडा जास्त भरेल. त्याच एक टन वाफेला फर्नेस ऑइल लागतं ८०-८५ लिटर. म्हणजे जागेत फार फरक नाही, फरक वजनात आहे, हा ड्रम दोन माणसांना हलणार नाही.

आणि जळाल्यावर वजन वाढतं बरं का! ऑक्सिजन चिकटतो म्हणून ४२० किलो लोखंडाचं साधारण ६०० किलो ऑक्साइड होतं. कोळशाचा ट्रक भरून येतो आणि राख थोडी जाते, इथे ट्रक येतो त्याहून जड होऊन परत जातो. वाहतुकीचा हिशोब करताना हे सगळे विसरतात.

५. परत लोखंड करायला किती वीज जाते? तोटा किती?

यावरच सगळं ठरतं, म्हणून सावकाश सांगते.

एक किलो लोखंड परत मिळवायला सुमारे ५४ ग्रॅम हायड्रोजन लागतो. एक किलो हायड्रोजन बनवायला आजच्या इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे वीजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राला, ५० ते ५५ युनिट लागतात, त्यात भट्टी तापवायची वीज धरली की किलोमागे तीन ते साडेतीन युनिट. मिळते उष्णता दोन युनिट, बॉयलरमधून वाफेत जाते त्यातली ८५ टक्के. म्हणजे घातलेल्या वीजेतली निम्म्याहून थोडी जास्त वाफ म्हणून परत येते. त्या वाफेवर टर्बाइन फिरवून परत वीज केली तर जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो.

आता आपल्याकडचा नेहमीचा बॉयलर घ्या, तासाला २ टनाचा, रोज १६ तास चालणारा. दिवसाला ३२ टन वाफ, म्हणजे साडेतेरा टन पावडर येणार, एकोणीस टन ऑक्साइड जाणार. त्या ऑक्साइडची परत पावडर करायला रोजची ४० ते ४७ हजार युनिट, १ किलोवॅट सोलर दिवसाला ४ युनिट देतं असं धरलं तर १० ते १२ मेगावॅट सोलर, एका मेगावॅटला चार-पाच एकर म्हणजे चाळीस-पन्नास एकर जमीन तरी गेली. एका बॉयलरसाठी. निफाडकडची द्राक्षबाग काढून कोणी सोलर लावणार नाही आणि लावूही नये, त्यामुळे ही रिडक्शनची, म्हणजे ऑक्साइडचं परत लोखंड करणारी, भट्टी नाशकात नसणार, ती जिथे ऊन-वारा भरपूर आणि जमीन पडीक तिथे असणार, आपल्याकडे पावडर येणार आणि ऑक्साइड जाणार.

६. मग थेट वीजेवरच बॉयलर चालवा ना! किंवा बॅटरी लावा.

बरोबर आहे, जिथे जमतं तिथे तेच करा, मीही तेच सांगते. वरच्याच बॉयलरला थेट इलेक्ट्रिक केलं तर दिवसाला साधारण २४ हजार युनिट लागतात, पावडरीच्या वाटेने जवळजवळ दुप्पट. ७०-८० डिग्रीचं गरम पाणी हवं असेल, सीआयपी वॉशिंग (टाक्या-पाइप न उघडता आतून धुणं), बाटल्या धुणं, तर हीट पंप त्याहून स्वस्त. रात्रीपुरती उष्णता साठवायची तर तापवलेल्या विटांची साठवण आहे, लिथियम बॅटरी आहे.

लोखंड लागतं ते याच्या पुढे. आठवड्याहून जास्त साठवायचं असेल, किंवा ऊर्जा दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या देशातून आणायची असेल, किंवा तुमच्या फीडरवर तेवढा लोड मंजूरच होत नसेल. बॅटरीत दोन महिन्यांची ऊर्जा ठेवायची म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा वापरण्यासाठी बॅटरी विकत घ्यायची, ते परवडत नाही, पण बंद डब्यातलं लोखंड तसंच पडून राहतं.

युरोपात हे उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यात वापरायला हवंय. आपलं तसं नाही, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे सोलर झोपतं पण तेव्हाच पवनचक्क्या जोरात असतात. म्हणून मला वाटतं आपल्याला ऋतूंच्या साठवणीपेक्षा कारखान्याच्या जास्त तापमानाच्या उष्णतेसाठी याचा उपयोग जास्त आहे.

७. हायड्रोजन बनवताच आहात तर तोच जाळा, मधे लोखंड कशाला?

हायड्रोजन ठेवायचा म्हणजे ३५० ते ७०० बारचा सिलिंडर नाहीतर उणे २५३ डिग्रीची टाकी. गळतीही बारीक भोकातून होते. लोखंड साध्या तापमानाला, साध्या दाबाला, ट्रकात, रेल्वेत, गोदामात राहतं. हायड्रोजनचा कारखाना शेजारीच असेल आणि पाइपने येत असेल तर खुशाल थेट जाळा, तिथे लोखंडाची गरज नाही.

उलटी वाटही आहे, तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडली की हायड्रोजन परत निघतो. शंभरेक वर्षांपूर्वी हायड्रोजन असाच बनवत असत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने त्यांच्या कॅम्पसमधे लोखंडाच्या खनिजाने भरलेल्या टाक्यांत हेच करून दाखवलंय.

८. हे कुठे चालू आहे की सगळं कागदावरच?

चालवून बघितलंय. २०२० मधे नेदरलँड्समधल्या लीसहाउट गावात स्विंकेल्स कुटुंबाच्या बिअर कारखान्यात १०० किलोवॅटचा लोखंडाचा बॉयलर लावून त्याची वाफ बिअर बनवायला वापरली, आइंडहोव्हनच्या टेक्निकल विद्यापीठाचे विद्यार्थी आणि संशोधक त्यात होते. त्यातूनच निघालेल्या रिफ्ट नावाच्या कंपनीने हेल्मंड शहरात १ मेगावॅटचा बॉयलर घरांना गरम पाणी देणाऱ्या लाइनला जोडला. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जेफ्री बर्गथॉर्सन यांचा गट आहे, २०१५ च्या त्यांच्या लेखानंतर या विषयाकडे लोकांचं लक्ष गेलं. २०१७ मधे स्वीडनमधून सोडलेल्या मॅक्सस-९ रॉकेटमधे लोखंडाची ज्योत वजनरहित अवस्थेत पेटवून बघितली, कारण जमिनीवर कण खाली बसतात आणि ज्योत नीट मोजता येत नाही.

आपल्याकडे असा बॉयलर नाही, पण पाया आहे. स्पंज आयर्न बनवण्यात भारत जगात पहिला, म्हणजे ऑक्साइडमधून न वितळवता लोखंड काढायचं काम आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहितीय, फक्त बरंचसं कोळशावर होतं. आणि २०२३ च्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं आहे.

९. लोखंडच का? अ‍ॅल्युमिनियममधे तर जास्त ताकद असते.

असते, किलोला ३१ मेगाज्यूल, लोखंडाच्या चौपट. पण अ‍ॅल्युमिनियमची ज्योत इतकी तापते की धातूची वाफ होऊन ती जळते आणि त्यातून पांढरा, अतिशय बारीक धूर बनतो, तो पकडणं महाकठीण. लोखंडाचा कण बहुतेक करून द्रव थेंबाच्या अवस्थेतच जळतो, कणाचा कणच राहतो, म्हणून सायक्लोनमधे सापडतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम परत मिळवायला हायड्रोजन चालत नाही, वितळलेल्या क्षारात वीज सोडावी लागते आणि त्यातले कार्बनचे, वीज आत नेणारे, अ‍ॅनोड झिजून कार्बन डायऑक्साइड सोडतात. कार्बन नसलेल्या अ‍ॅनोडवर काम चालू आहे, ते जमलं तर अ‍ॅल्युमिनियम पुढे येईल. पाण्याबरोबर त्याची क्रिया करून हायड्रोजन काढायचीही वाट आहे, किलोमागे १११ ग्रॅम.

१०. लोखंडावर चालणारी गाडी येणार का?

जाळून चालणारी नाही, जड इंधन आणि त्याहून जड राख दोन्ही गाडीत बाळगावी लागेल. मोठी जहाजं कदाचित. गाडीसाठी अ‍ॅल्युमिनियम-एअर बॅटरी ही वेगळी गोष्ट आहे, त्यात काही जळत नाही, अ‍ॅल्युमिनियमची प्लेट हळूहळू संपते आणि बदलावी लागते. इंडियन ऑइलने इस्रायलच्या फिनर्जीबरोबर त्यासाठी भागीदारी कंपनी काढलीय. ती प्लगला लावून चार्ज होत नाही, हे लक्षात ठेवा.

११. आयर्न-एअर बॅटरी म्हणतात ती हीच का?

नाही. ती खोलीच्या तापमानाला लोखंड गंजवून वीज देते आणि उलट वीज सोडून गंज काढते, अमेरिकेतली फॉर्म एनर्जी १०० तास चालणारी अशी बॅटरी बनवते. ग्रिडला वीज हवी असेल तर ती, वाफ हवी असेल तर पावडर.

१२. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनला कोळशाऐवजी हे घालता येईल का? आमचे काका तिथून रिटायर झालेत, ते विचारतायत.

काकांना सांगा प्रश्न अगदी योग्य आहे, जर्मनीत डार्मस्टाटच्या विद्यापीठात कोळशाच्या स्टेशनात लोखंड जाळण्याचा अभ्यास झालाय, कारण टर्बाइन, कूलिंग टॉवर, ग्रिडची जोडणी, रेल्वे सायडिंग सगळं आयतं असतं.

पण आकडा बघा. एकलहऱ्याचा एक संच २१० मेगावॅटचा. तो पूर्ण भाराने चालवायला तासाला साधारण २९० टन लोखंड लागेल, आपल्या कोळशाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट, आणि तासाला चारशेच्या वर टन ऑक्साइड परत न्यायचं. त्यात प्रश्न ५ मधला तोटा, वीजेतला जेमतेम पाचवा हिस्साच परत मिळणार. रोज चालवायला हे परवडणार नाही. वर्षातले ठरावीक दिवस, जेव्हा ना ऊन ना वारा, तेव्हासाठी राखीव म्हणून माझ्या मते विचार करण्यासारखं आहे, आणि जळालेलं सगळं परत गोळा होत असल्यामुळे राखेच्या तळ्याचा प्रश्नही उरत नाही, जो एकलहऱ्याच्या आजूबाजूच्या गावांना चांगला माहितीय.

१३. अंबडमधे बोरिंग-टर्निंगचा चुरा पोत्याने पडलेला असतो, तोच जाळला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय. तसाच नाही. एक तर त्याला कटिंग ऑइल लागलेलं असतं, ते जळून धूर होतो. दुसरं, बिडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, तो पहिल्यांदा जळताना किलोमागे सव्वाशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड देतो. आणि कार्बन असलेला कण जळताना आतल्या आत गॅस होऊन फुटतो, ग्राइंडरच्या ठिणगीला फांद्या फुटतात ना तेच, माइल्ड स्टीलला कमी आणि हाय कार्बनला जास्त, जुने मिस्त्री ठिणगी बघूनच माल ओळखतात. फुटलेला कण बारीक होतो आणि फिल्टरमधून निसटतो. गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्त, तांब्या-पितळेचा चुरा मिसळलेला असेल तर तोही त्रास. चुऱ्याला आज चांगली जागा म्हणजे फाउंड्रीच, तिथे त्याचं परत लोखंड होतं.

१४. स्फोट होईल का? आणि पावसाळ्यात पावडर गंजून जाणार नाही का?

ढिगाचा नाही, पण हवेत उडालेल्या धुळीचा होऊ शकतो, पिठाच्या गिरणीत किंवा साखर कारखान्यात होतो तसा. त्यामुळे बंद पाइप, अर्थिंग, गरज तिथे नायट्रोजन आणि जमिनीवर धूळ साचू न देणं. कंप्रेस्ड एअरने झाडायचं नाही, कधीच नाही. आग लागली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं डी क्लासचं एक्स्टिंग्विशर. अ‍ॅल्युमिनियमची पावडर असेल तर हे दहापट कडक.

गंजाचं म्हणाल तर कोरडी पावडर बंद डब्यात महिनोन्‌महिने टिकते. ओली झाली तर मात्र नुसती खराब होत नाही, तापते. जूनमधे एका शेडमधे ऑडिटला गेले होते, पत्रा गळत होता आणि खाली बोरिंगच्या चुऱ्याची गोण रात्रभर भिजली होती. सकाळी मी वर हात ठेवला तर गोण नुकत्याच उतरवलेल्या चहाच्या पातेल्यासारखी, आणि तोंड उघडल्यावर आतून वाफ. शेजारी थिनरचे डबे. ते डबे आम्ही आधी बाहेर काढले आणि मग चुरा फरशीवर पातळ पसरला. तो जाड चुरा होता, बारीक पावडर याहून लवकर तापेल.

१५. पण पहिलं लोखंड तर कोळशावरच बनणार ना? मग कसलं कार्बनमुक्त?

प्रश्न प्रामाणिक आहे. ब्लास्ट फर्नेसच्या वाटेने एक टन स्टीलमागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड जातो. पण हे कर्ज एकदाच. एक किलो लोखंड दर फेरीला जेवढं फर्नेस ऑइल वाचवतं त्यातून जवळपास ०.५७ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो, म्हणजे चार फेऱ्यांत फिटलं, पावडर करायचा खर्च धरून पाच-सहा म्हणा. अट एकच, परत लोखंड करणारी वीज खरोखर सोलर-वाऱ्याची हवी. ग्रिडच्या कोळशाच्या वीजेने केलं तर कर्ज फिटायचं सोडा, वाढत जातं.

१६. हायड्रोजनला पाणी किती लागेल? आपल्याकडे गंगापूर धरणाच्या पाण्यावरून आधीच भांडणं.

किलो लोखंडामागे साधारण अर्धा लिटर शुद्ध पाणी. पण भट्टीत हायड्रोजन ऑक्सिजन घेऊन परत पाणीच होतो, ती वाफ थंड करून पुन्हा वापरता येते. कूलिंगचं पाणी वेगळं धरा.

१७. एकच पावडर किती वेळा वापरता येते?

तत्त्वाने कितीही, लोखंड संपत नाही. व्यवहारात दोन अडचणी. रिडक्शनच्या भट्टीत तापमान जास्त झालं की कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, आणि कमी ठेवलं तर काम संथ होतं, या दोन्हीच्या मधली वाट शोधण्यातच आज संशोधकांचा सगळ्यात जास्त वेळ जातोय. दुसरं, दर फेरीला थोडे कण फुटून अतिबारीक होतात, तेवढी भर घालावी लागते. एक कण जवळून बघायचा असेल तर पुढचा प्रश्न.

१८. मुलगा डिप्लोमाला आहे, प्रोजेक्टला काही करता येईल का?

पावडरीचा ढग उडवून पेटवायचा नाही, प्रश्न १४ परत वाचा. दोन प्रयोग सुरक्षित आणि सुंदर आहेत. भांडी घासायच्या साध्या लोखंडी तारेचा पुंजका (स्टेनलेसचा नाही) मातीच्या पणतीत ठेवून ग्रॅमच्या काट्यावर ठेवा आणि ९ व्होल्टची बॅटरी टेकवा, लाल किडे पळावेत तशी आग तारातारांतून पळते, आणि काट्यावरचा आकडा वाढतो. जळून वजन वाढलेलं डोळ्यांनी दिसतं.

दुसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ग्राइंडरखालच्या धुळीवरून फिरवा, पिशवी उलटी करून धूळ पांढऱ्या कागदावर झाडा आणि चांगल्या भिंगातून बघा. कुरळ्या कातरणांच्या मधे चकचकीत काळे गोल मणी दिसतील, काही पोकळ, काही फुटलेले. ती प्रत्येक एक विझलेली ठिणगी आहे. लोखंडाच्या बॉयलरमधून निघणारी राख साधारण अशीच असते, रंग काळा ते तांबूस.

१९. एक जण लोखंडाच्या इंधनाची एजन्सी देतो म्हणून डिपॉझिट मागतोय, देऊ का?

देऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा: ऑक्साइड परत कोण नेणार आणि कुठल्या भट्टीत, त्या भट्टीची वीज कुठली, आणि बॉयलर इन्स्पेक्टरची मंजुरी असलेला बॉयलर कुठे बघायला मिळेल. परत न्यायची सोय नसलेलं लोखंड हे इंधन नाही, महागडा कचरा आहे. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराचे असेच पैसे अडकलेत, दुसऱ्या कसल्याशा 'ग्रीन' इंधनात, आणि त्याने ते कर्ज काढून भरले होते.

२०. मग आज आमच्या कारखान्यात काय करू? पावडर तर अजून लांब आहे.

वाफ वाचवा, कारण प्रश्न ५ मधले एकर तुम्ही वापरलेल्या प्रत्येक टनावर मोजले जाणार आहेत. कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, बॉयलरला परत आणा, गळके ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपा) बदला, उघड्या व्हॉल्व्हना लॅगिंग करा, म्हणजे उष्णता रोखणारं आवरण घाला. आणि स्टीम मीटर बसवून वर्षभर दर तासाचं रीडिंग वहीत लिहून ठेवा, तापमानासकट. दिवसाची वाफ सोलर आणि इलेक्ट्रिकवर जाईल, कमी तापमानाची हीट पंपवर. रात्री १० नंतरचा आणि पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांचा आकडा वेगळ्या शाईने लिहा, लोखंडाची पावडर घ्यायची वेळ आली की सप्लायर पहिल्यांदा तोच आकडा विचारेल.